यानाचं दार

मित्रहो, आज सकाळी माझ्या शाळासोबत्यापुढं, सलीमपुढं हरलो, आणि बरं वाटलं.

साठच्या दशकात फटाके बनवणाऱ्या आमच्या तेरखेड्यात आम्ही दोघांनी मासिकातल्या विज्ञानकथेचं चित्र पाहून फटाक्याच्या कागदी नळ्यांचं अंतराळयान केलं होतं. सलीम म्हणाला, "याला दार कुठंय?" मी भाषणच ठोकलं. चित्रात दिसत नाही, ते करायचं नाही.

उद्या तो कायमचा लेकीकडे हैदराबादला चाललाय. बांधाबांधीत ते यान निघालं. म्हणाला, "बघ, आतली मान्सं अजून अडकलीत."

मी ब्लेड मागितलं आणि मागच्या बाजूला दार कापलं. चित्रकारानं एकच बाजू काढली होती, हे मान्य करायला साठ वर्षं लागली.

"लई उशीर केलास," म्हणत त्यानं यान माझ्याच हातात ठेवलं.

तुमचं कुणाला 'तुझं बरोबर होतं' म्हणायचं राहिलंय? आजच जा.