भांडं गुडगुडेपर्यंत

हॅलोमावशींचं खरं नाव बिल्डिंगमध्ये कुणालाच आठवत नाही. सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. पुढ्यात भोकांचा बोर्ड, या भोकातली दोरी त्या भोकात, आणि दोन माणसं रंगात आली की मधेच तोंड घालून लोण्यासारख्या आवाजात, "वेळ संपतेय, वाढवायची?" लोकांची बोलणी जोडता जोडता केस पिकले. आता घरात बोलायला भिंती, आणि त्याही नुसत्या ऐकून घेणाऱ्या.

मुलगा परदेशात. रविवारी सकाळी त्याचा फोन. "बरी आहेस ना? गोळ्या घेतेस ना? चल, ठेवतो." विचारपूस कसली, हजेरीच ती!

"गॅसवर दूध ठेवून येतोस का रे?" एकदा मावशींनी विचारलंच.

तो खजील झाला. गावी येणाऱ्या मित्राबरोबर त्याने कॉफीचं विजेचं भांडं पाठवलं, पर्कोलेटर. उंच, चकचकीत, झाकणावर काचेची टोपी, तिच्यात कॉफी उड्या मारताना दिसते म्हणे. "माझ्याकडेही असंच आहे, आई. दोघं एकदम लावू. भांडं गुडगुडेपर्यंत गप्पा!"

मावशी हरखल्या. पण भांड्याच्या पिना चपट्या, भिंतीतली भोकं गोल. भोकात टोक बसलं की काम झालं, हा मावशींचा जन्माचा अनुभव. हार्डवेअरच्या दुकानातून जोडपिन आणली आणि शनिवारी रंगीत तालीम केली. बटण दाबताच भांड्याच्या जणू अंगातच आलं. गुडूक, गुडगुड, धडधडधड, फट्! मग नुसता जळका वास.

खालच्या मजल्यावरच्या इलेक्ट्रिशियनने भांड्याचं बूड उघडलं आणि मान हलवली.

"मावशी, तिकडे वीज निम्म्या जोराची. तुम्ही इथली पुऱ्या जोराची पाजलीत. कॉइल खलास."

"अरे, पण पिन कशी चपखल बसली होती!"

"पिन बसली म्हणजे पत्रिका जुळली का? मधे ट्रान्सफॉर्मर नको?"

"उद्यापर्यंत होईल नीट?"

"ही कॉइल इथे मिळत नाही. फुलं ठेवा यात, शोभेल."

मावशींना भांड्याचं सुतक नव्हतं. पण जळालं म्हणून सांगितलं, की पुन्हा आपली हजेरी.

रविवारी त्यांनी मेलेलं भांडं ओट्यावर मांडलं. बटण बंद ठेवून पिनही लावली. खोटं बोलायचं तर नीट बोलावं! शेजारी पाण्याचा पेला, त्यात स्ट्रॉ.

"लावलंस, आई?"

"लावलं." गुडूक. गुडगुड. गुडूक.

"वा! अगदी माझ्यासारखंच वाजतंय!"

आणि तो बोलायला लागला. ऑफिसचं झालं, शेजाऱ्याच्या कुत्र्याचं झालं. मग आवाज जरा खाली आला. "जेवण हल्ली उभ्यानेच होतं गं, सिंकपाशी. एकट्यासाठी टेबल काय मांडायचं?"

मावशींनी घाईने स्ट्रॉ सोडली. "अरे, असं उभ्याने…"

"थांबलं वाटतं तुझं? झाली कॉफी? मग ठेवतो."

मावशींनी पुन्हा पेल्यात तोंड घातलं. गुडूक गुडूक गुडूक.

"अजून आहे होय! बरं." तो पुढे सांगत राहिला. परवा ताप होता, कुणाला कळवलं नाही. मावशींच्या ओठांवर शंभर प्रश्न आले आणि सगळे बुडबुडे होऊन पेल्यात फुटले. विचारावं तर फोन जाणार, फुंकावं तर विचारता येत नाही. शेवटी दम संपला.

"झाली," तो म्हणाला. "आज तू काहीच बोलली नाहीस गं."

"ऐकत होते रे," मावशी धापा टाकत म्हणाल्या.

"चल, ठेवतो."

मावशींच्या तोंडून तो जुना, लोण्यासारखा आवाज आपसूक निघाला, "वेळ संपतेय, वाढवायची?"

तो हसला. लहानपणी ऐकला होता त्याने. "पुढच्या रविवारी, ऑपरेटरबाई."

फोन गप्प झाला. मावशींचा हात सवयीने पुढे गेला आणि त्यांनी भांड्याची पिन भिंतीतून उपसली.