विमानाचा उजवा पाय

विमानाला पाय असतात हे मला ती नोकरी लागेपर्यंत ठाऊक नव्हतं. पन्नास सालानंतरची गोष्ट. कळंबच्या बाजूला एका साखर कारखान्याचं छोटं विमान होतं, मुरमाची धावपट्टी होती, आणि विमानाची देखभाल करायला मी होतो. मूळचा मोरगावचा, विहिरींवरची ऑइल इंजिनं दुरुस्त करता करता विमानापर्यंत पोचलेला मिस्त्री. प्रत्येक चाकावर एक जाड नळी, तिच्यात तेल आणि दाबाची हवा, आणि तिच्यातून खाली आलेला चकचकीत दांडा. विमान जमिनीला टेकलं की दांडा नळीत वर सरकायचा आणि धक्का आतलं तेल सोसायचं. या सगळ्याला आम्ही सरळ पाय म्हणायचो.

मी भाविक माणूस. यंत्राला हात लावायच्या आधी कुंकवाचं बोट लावायचं, ही आमच्या घरची रीत. विमानालाही मी रोज सकाळी उजव्या अंगाला, दारापाशी, बोट लावायचो. पांढऱ्या रंगावर डाग पडतो म्हणून वैमानिकसाहेब एकदा करवादले. तेव्हापासून मी बोट खाली, त्याच बाजूच्या चकचकीत दांड्यावर लावू लागलो. तिथला डाग संध्याकाळपर्यंत आपोआप नाहीसा व्हायचा. देवानं मानून घेतलं असं मला वाटायचं आणि बरं वाटायचं.

एका सकाळी विमान उजवीकडे कललेलं दिसलं. पाय बसला होता, चाकावर लाल तेल ओघळलं होतं. मी हवा भरायच्या तोंडाला साबणाचं पाणी लावून पाहिलं. बुडबुडा नाही. म्हणजे गळती खालून, दांडा नळीत शिरतो तिथल्या रबरी सीलमधून. पुण्याहून नवं सील मागवलं, पाय उघडला, रॉकेलच्या फडक्यानं सगळं पुसून काढलं, सील बसवलं, तेल-हवा भरली. पंधरा दिवस बरे गेले.

मग एका दुपारी साहेब विमान उतरवत होते आणि मी बघत उभा होतो. उजवा पाय टेकताक्षणी पार खाली बसला आणि त्या बाजूचा पंख जमिनीपासून वीतभर राहिला. विमान वाकडंतिकडं धावत पट्टीच्या टोकाला थांबलं. साहेब खाली उतरून सरळ माझ्याकडे आले. मला म्हणाले, "मिस्त्री, पुढच्या वेळी मी वाचणार नाही."

मी चवताळलो. माझ्या हातात दोष असेल हे डोक्यात शिरायला जागाच नव्हती. दोन्ही पाय एकाच मुरमावर धावतात, मग उजवाच का गळावा? आणि मला आठवलं, धावपट्टीचे राखणदार आबा आपली शेळी सावलीला म्हणून त्याच उजव्या पायाला बांधायचे. दावं दांड्यावर घासत असणार. आबा साठीचे, घरी कुणी नाही, शेळी आणि ही नोकरी एवढाच त्यांचा संसार. मी साहेबांच्या देखत त्यांना विचारलं, "शेळी हितं बांधता का न्हाय?"

"बांधतो," आबा म्हणाले.

तेवढ्यावर संध्याकाळी त्यांना कामावरून काढलं. काठी आणि शेळी घेऊन ते कळंबच्या रस्त्यानं गेले. मला काडीचंही वाईट वाटलं नाही, हे आज लिहिताना लाज वाटते.

तिसरं सील घातलं. शेळी नाही, दावं नाही. दहाव्या दिवशी चाकावर पुन्हा तेल.

या वेळी मी काहीच पुसलं नाही. विमान जॅकवर घेतलं, हवा सोडली, दांडा बाहेर काढला. त्यावर नखाला लागतील असे उभे ओरखडे होते. काढलेलं सील पांढऱ्या वाडग्यात पेट्रोलमध्ये धुतलं आणि वाडगा तसाच ठेवला. तेल मुळातच लाल, म्हणून इतके दिवस काही कळलं नव्हतं. तळाशी जे बसलं ते चिमटीत घेतलं तर वाळूसारखं करकरलं. निमगावच्या बाजारातलं माझं स्वस्तातलं कुंकू, विटेची भुकटी मिसळलेलं. रोजचं बोट देव नेत नव्हता. दांडा वर सरकला की ते सीलखाली जात होतं आणि रबर खात होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती मी दिली होती, आणि एक माणूस माझ्या भक्तीपायी मरता मरता वाचला होता.

वाडगा तसाच घेऊन साहेबांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी तळाची भुकटी बोटांत चोळून पाहिली. मग म्हणाले, "आधी त्या म्हाताऱ्याला परत आण."

कळंबला आबा घरापुढं शेळीला पाला घालत होते. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. त्यांना नवल वाटलं नाही.

"ठावं हाय," ते म्हणाले. "कुंकू त्येलात कालवतंय, म्या बगत हुतो. दोनदा धोतराच्या सोग्यानं पुसलं बी. मग म्हटलं, देवाचं हाय, आपुन पुसू न्हाय."

"मग आबा, त्या दिशी बोलला का न्हाय?"

"तुमी शेळीचं इचारलं. शेळी तर म्या बांधलीच हुती."

परत कामावर चला म्हणालो, तर त्यांनी पटका डोक्याला गुंडाळला. मग जरा थांबून विचारलं, "शेळी घरीच ठिवू न्हवं?"

मी घेऊन या म्हणालो. त्या दिवशीही म्हणालो आणि पुढं कितीतरी वेळा म्हणालो. आबा रोज वेळेवर कामावर यायचे. शेळी त्यांनी पुन्हा कधी आणली नाही.