चंद्रीच्या पोटातलं चिनी

चिनी लिपीतली एकशे अकरा अक्षरं आमच्या शेळीनं खाल्ली, आणि त्याला सर्वस्वी मी जबाबदार आहे.

गोष्ट त्र्याहत्तर सालची. माण तालुक्यात दहिवडीपासून तासाभराच्या चालीवर आमचं गाव. आमचे हे मुंबईला नोकरीला. घरात मी, आत्याबाई (म्हणजे माझ्या सासूबाई, आमच्याकडं सासूला आत्याबाईच म्हणतात), बारा मेंढरं आणि चंद्री नावाची शेळी. मी सातारची, मॅट्रिक पास. आत्याबाई अंगठा लावणाऱ्या. मला प्रत्येक गोष्टीची यादी करायची सवय, आणि आत्याबाईंना माझ्या यादीकडं बघून नाक मुरडायची. त्या मला नावानं हाक मारत नसत. 'म्याट्रिक' म्हणत.

त्या साली माझे धाकटे दीर शंकरभावजी फौजेतून दीड महिन्याच्या सुट्टीवर आले. ट्रंकेत साडी नाही, खाऊ नाही. एक लाकडी पेटी, आणि तिच्यात खेळायच्या पत्त्यांएवढे एकशे वीस पत्ते! प्रत्येकावर पुढं एक चिनी अक्षर, मागं त्याचा उच्चार आणि अर्थ.

"वैनी, फौजेनं मला चिनी शिकाय घातलंय," भावजी म्हणाले. "बोलाय येतंय, पन लिव्हायचं डोस्क्यात शिरंना. एकदा नापास झालोय. सुट्टी संपली की परत परीक्षा. आता हुकली तर पुन्हा बर्फात."

"आणि पास झालात तर?"

सहा फुटी हवालदार लाजला. "भाषाशाळंत शिकवाय ठेवत्यात. फॅमिली क्वार्टर मिळतंय."

क्वार्टर म्हणजे काय ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. औंधच्या एका मुलीशी भावजींची बोलणी चालली होती. मुलगी धीट. तिनं तोंडावर सांगितलं होतं, "फौजी चालंल, पन वर्सातनं एकदा दिसनारा नवरा नको." तेव्हा अक्षरं आली तर क्वार्टर, आणि क्वार्टर मिळालं तर लग्न. अक्षरं आली नाहीत तर औंधची मुलगी दुसऱ्या कुणाची तरी जाऊ!

मी पदर खोचला. "भावजी, हे काम माझ्यावर सोडा."

सोडलं त्यांनी. तिथंच चुकलं.

मी वेळापत्रक केलं. रोज चार नवी अक्षरं, सकाळी वाचन, संध्याकाळी लेखन, रविवारी उजळणी. शिकवायचं तर आपल्यालाही यायला हवं, म्हणून मीही पाटी घेऊन बसले. पहिलंच अक्षर 'तोंड'. साधा चौकोन! मी एका दमात काढून मोकळी झाले.

"न्हाई वैनी, तीन रेघांत काढायचा. डावीकडची उभी, मग वरनं वळून उजवीकडची, शेवटी तळाची."

"चौकोन तो चौकोनच ना भावजी? कुठून काढला ते कुणाला कळतंय?"

"मास्तरला कळतंय."

पुढचं अक्षर 'शेत'. हाच चौकोन, आत बांध घातलेला. मी आधी चौकोन बंद केला आणि मग आत बांध घातले. पुन्हा चूक! आतलं आधी, तळाची रेघ शेवटी. मी वैतागले. भाकरी थापता थापता आत्याबाई बोलल्या, "म्याट्रिक, मेंढरं वाघरात कशी घालत्यात? आधी आत हाकायची, मग जाळी लावायची. तू जाळी लावून मेंढरं वरनं टाकतीस व्हय?"

मी त्यांना भाकरीकडं लक्ष द्यायला सांगितलं.

पाचव्या दिवशी मला माझी युक्ती सुचली. पत्ते पेटीत ठेवून काय उपयोग? घरभर चिकटवायचे! दारावर 'दार', चुलीमागं 'आग', रांजणाच्या वर 'पाणी'. ज्या शब्दांना घरात वस्तू नव्हती (उदाहरणार्थ 'उद्या' आणि 'सम्राट') ते सगळे गोठ्याच्या भिंतीवर रांगेनं. पत्ता चिकटला की मागची बाजू दिसणार नाही, म्हणून मी वहीत यादी केली: अनुक्रमांक, जागा, उच्चार, अर्थ. चार रकाने, पट्टीनं आखलेले. इतकी देखणी यादी मी आयुष्यात केली नव्हती.

पत्ते चिकटवायला बाजरीच्या पिठाची खळ शिजवली. त्या साली पावसानं पाठ फिरवलेली, चारा मिळत नव्हता. आत्याबाई कढईकडं बघत म्हणाल्या, "मानसाला पीठ न्हाई, आन् भिताडाला लापशी!"

पण अभ्यास मात्र रंगला. भावजी एकेका पत्त्यासमोर उभे राहून सांगत आणि मी यादीवरून तपासत असे. 'घर' या अक्षरात छपराखाली डुक्कर असतं, हे ऐकून आत्याबाईंनी चूल फुंकायची थांबवली.

"डुक्कर? मेंढरू का न्हाई?"

"त्यांच्यात डुक्कर, आये. आन् हे बघ, छपराखाली बाई काढली की 'शांती'."

"किती बाया?"

"एक."

"एकच असंल तर खरं हाय," आत्याबाई माझ्याकडं बघून म्हणाल्या.

तीन आठवड्यांत भावजींना चाळीस अक्षरं लिहिता यायला लागली. मला एकोणीस. (त्यातली सहा उलटी.) आत्याबाईंची परीक्षा घ्यायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

मग औंधहून निरोप आला: यमाईच्या दर्शनाला या, मुलीकडची माणसं भेटतील. एका दिवसाची जाऊन-येऊन वारी, आम्हा तिघांचीही. मी निघण्याआधीच्या कामांची यादी केली. चौदा कलमं. आठ झाली तेवढ्यात एसटीचा हॉर्न वाजला. आता यादी अर्धवट टाकून जाणं माझ्या स्वभावात नाही. म्हणून मी धावता धावता उरलेल्या सहाही कलमांपुढं बरोबरच्या खुणा केल्या. नववं कलम होतं: चंद्रीला बांधणे.

संध्याकाळी परतलो तेव्हा चंद्री स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून रवंथ करत होती. चेहऱ्यावर 'शांती'. भिंती स्वच्छ! पिठाच्या खळीसकट पत्ते गेले होते. तिची मान पोचली नाही तेवढे नऊ वर शिल्लक.

भावजी जात्यावर मटकन बसले. "वैनी... सरकारी पत्ते. अकरा दिसांवर परीक्षा."

"घाबरू नका," मी म्हणाले. "माझ्याकडं यादी आहे!"

आणि मी वही उघडली. अनुक्रमांक होता. जागा होती. उच्चार होता. अर्थ होता. चिनी अक्षर नव्हतं! ते कशाला लिहायचं, ते तर भिंतीवर दिसतच होतं ना?

भावजी यादीकडं बघत राहिले. मग ते हळूच म्हणाले, "औंधला कळवून टाका. पोरीला अडकवून ठेवू नगा." मला वाटलं, जमीन दुभंगावी आणि मी वहीसकट आत जावं.

तेवढ्यात आत्याबाई अंगणात जाऊन बसल्या. तळहातानं माती सारखी केली, एक काटकी उचलली आणि म्हणाल्या, "म्याट्रिक, वाच. कुठलं कुठं हुतं त्ये सांग."

"कशाला आत्याबाई?"

"वाच म्हनलं तर वाच."

"एक. दारावर."

काटकी फिरली. डावं कवाड, उजवं कवाड. भावजी ताडकन उठले. "आये! बरूबर हाय!"

"सतरा. चुलीमागं."

दोन ठिणग्या, मधून फाकलेल्या दोन ज्वाळा. 'आग'.

"अठ्ठावीस. गोठ्यात, दावणीच्या वर."

"त्यो बैल. आन् त्याच्या शेजारी त्येच, पन शिंग वर न्हाई आलेलं."

मी यादी बघितली. एकोणतीस, 'दुपार'. रेघांचा क्रमही चुकत नव्हता: वरून खाली, डावीकडून उजवीकडं, आणि चौकोन असला की आधी मेंढरं आत, मग जाळी!

"आये, तुला ही कवा आली?" भावजी मातीवर ओणवून अक्षरं बघत म्हणाले.

"न यायला काय झालंय? तीन आठवडं डोळ्यांम्होरं हुती. बाजारात दोनशे मेंढरांत मिसळलेली आपली बारा मी कानाच्या खुनंवरनं वळखती. ती पळत असत्यात. ही कागदं तर हालतबी नव्हती!"

पुढचे चार दिवस घरात शाळा भरली होती. जुन्या वह्यांचे पुठ्ठे कापून मी पत्ते केले. आत्याबाई बोरूनं पुढची बाजू काढत आणि मी यादी बघून मागची लिहीत असे. जागेवरून त्यांना अक्षर आठवे आणि जागा माझ्या यादीत होती, एवढाच माझा उपयोग. एकशे अकरापैकी एकशे नऊ अक्षरं परत आली. उरलेली दोन चंद्रीलाच ठाऊक.

आणि काय तो हात! मी पाटीवर कोळ्याची जाळी काढत होते आणि या बाईच्या बोरूतून मेंढी उभी राहत होती: वर दोन शिंगं, तीन आडव्या रेघा, मधून एक उभी. भावजी त्यांच्या शेजारी बसून गिरवत. मेंढरं, जाळी, शिंगं अशा आईच्या गोष्टींनी त्यांना जी अक्षरं लागली ती माझ्या वेळापत्रकानं कधीच लागली नसती. (हे मी तेव्हा कबूल केलं नाही.)

भावजी गेले. जाताना सरकारी फॉर्म भरून गेले. 'पत्ते गहाळ होण्याचे कारण' या रकान्यात प्रामाणिकपणे लिहिलं: शेळी.

दीड महिन्यानं पोस्टमन रजिस्टर पत्र घेऊन आला. पत्र आत्याबाईंच्या नावावर. त्यानं नेहमीसारखी शाईची गादी पुढं केली.

"ठिव ती माघारी," आत्याबाई म्हणाल्या. "पेन दे."

आणि त्यांनी पावतीवर ऐटीत मेंढी काढली.

"आवं आजी, ही कसली सही?"

"चिनी हाय. तुला न्हाई कळायची."

पोस्टमननं माझ्याकडं बघितलं. "बाई, तुम्ही शिकलेल्या. मला ही सही वाचता येत न्हाई, साक्षीला तुमची करा. पन तुमाला येतंय न्हवं वाचाय?"

"येतं की!" मी म्हणाले, आणि आत जाऊन यादीत 'मेंढी'चा उच्चार बघून आले.

पत्र मीच मोठ्यानं वाचलं. भावजी पास! क्वार्टर मिळणार, औंधला कळवा, तिथी काढा. आत्याबाईंनी पदरानं डोळे पुसले, मीही पुसले, आणि पुढं वाचत गेले: 'मास्तरांनी नवे पत्ते बघितले. विचारलं, हे काढणारा किती वर्षं शिकला? मी सांगितलं, तीन आठवडे, भाकरी थापता थापता. ते म्हणाले, अक्षरांत एकही खोट नाही. फक्त दोन पत्त्यांचे अर्थ अदलाबदल झालेत. बैलाच्या मागं दुपार आहे आणि दुपारच्या मागं बैल.'

मी वाचायची थांबले.

"काय गं म्याट्रिक," आत्याबाई शांतपणे म्हणाल्या, "मागची बाजू कोन लिवत हुतं?"

मी पत्राची घडी घातली, आणि चंद्री बांधली आहे का ते बघायला गेले.