विहिरीत परत सोडलेलं पाणी

आक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी ग्रंथालयात नव्या पुस्तकांच्या पाठीवर चिठ्ठ्या चिकटवत होतो. पलीकडून त्यांचा पुतण्या भूपाल एवढंच म्हणाला, "मास्तर, आक्का गेली. तुम्हाला आधी कळवावं म्हटलं." मी मास्तर नाही, कधी नव्हतो. पण पुस्तकांत काम करतो म्हटल्यावर आक्कांनी पहिल्याच दिवशी मला मास्तर करून टाकलं आणि त्या घरात माझं तेच नाव पडलं. फोन ठेवून मी हातातली चिठ्ठी लावली, ती भलत्याच पुस्तकाला. अजून ती तशीच आहे... काढावीशी वाटली नाही.

आक्का माझ्या घरमालकीण. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला नोकरी लागली म्हणून गारगोटीजवळच्या आमच्या गावाहून मी कोल्हापुरात आलो आणि खोली शोधू लागलो. आमचं घर बौद्ध, आजोबांच्या वेळेपासून. खोली दाखवणारी माणसं आधी मोकळेपणानं म्हणत, "या की पावणं, बसा." मग आडनाव विचारत, आणि ते कळलं की खोली भाच्याला द्यायचं कबूल केलेलं त्यांना आठवे. काही जण म्हणत, "आमच्यात मटणबिटण चालत न्हाय बघा." मी खात नाही म्हटलं तरी चालत नसे. म्हणून आक्कांच्या दारात उभा राहिलो तेव्हा आडनाव मीच आधी सांगून टाकलं. आक्का जयसिंगपूरकडच्या जैन शेतकरी घरातल्या, नवरा वारलेला, मूलबाळ नाही, आवाज दणदणीत. त्या म्हणाल्या, "ते मी इचारलं काय? मटण शिजवणार हायस काय तेवढं सांग."

"नाही."

"कांदा-लसूण?"

"तो लागतो."

"मग खिडकी उघडी ठेवून शिजव," म्हणाल्या आणि कमरेची किल्ली काढून दिली.

खोली मागच्या अंगणात होती. खिडकीसमोर विहीर, तिच्यावर लाकडी रहाट, पलीकडे आक्कांच्या स्वयंपाकघराचं दार. दिवस मावळायच्या आत त्या जेवायच्या, मग पायरीवर बसून जाणाऱ्या-येणाऱ्याला हाका मारायच्या. मला त्या अधूनमधून पाणी, ताक, सणाची पोळी देत. मी घेत असे. पण घेताना माझी एक सवय होती, आणि ती अजून पुरती गेलेली नाही. आपण प्यालेल्या पेल्याचं पुढं काय होतं, हे मी बघत राही. लहानपणी गावच्या हॉटेलात आमच्या कपबश्या मागच्या भिंतीला वेगळ्या ठेवलेल्या असत. पाणी मागितलं की ओंजळ पुढं करायची, समोरचा वरून धार धरायचा. शाळा, कॉलेज, नोकरी झाली, पुष्कळ वाचलं, तरी डोळे पेल्याच्या मागं जायचे ते जायचेच. आक्का माझा पेला मोरीत ठेवायच्या. पण मोरीत तर सगळ्यांचेच पेले असतात, त्यावरून काय कळणार?

पहिल्या वर्षीच आक्कांचा खांदा धरला. रहाट ओढवेना. मी सकाळी दोन बादल्या पाणी काढून त्यांच्या दारात ठेवू लागलो. त्या "शाणं बाळ हाय" म्हणायच्या आणि आत न्यायच्या. एकदा मला कामावर उशिरा जायचं होतं, म्हणून खोलीतच थांबलो होतो. खिडकीतून पाहिलं तर आक्का दुखऱ्या खांद्यानं बादली घेऊन विहिरीकडं येत होत्या. त्यांनी बादली दोराला लावली, हळूहळू खाली सोडली आणि मी काढून दिलेलं पाणी परत विहिरीत ओतलं. इतक्या सावकाश, इतक्या काळजीनं, की एखादा विधी चालला असावा. मी खिडकीपासून बाजूला झालो.

त्या क्षणी मला काही विचार करावा लागला नाही. जे दिसलं त्याचा अर्थ माझ्याकडं लहानपणापासून तयार होता. माझ्या हातचं पाणी त्यांना चालत नाही, आणि मी कामावर गेल्यावर ते ओततात, म्हणजे माझ्यासमोर चांगुलपणाही राखतात, एवढंच वाटलं. दुसऱ्या दिवसापासून मी पाणी भरणं बंद केलं. कामावरच्या एकाला दुसरी खोली बघायला सांगितली आणि पुस्तकं बांधायला घेतली. कुणाला बोलायचं नाही, भांडायचं नाही, निघून जायचं... आमच्या घरात हेच शहाणपण समजलं जाई.

थोड्या दिवसांनी आक्काच दारात आल्या. बांधलेल्या गठ्ठ्यांकडं बघून म्हणाल्या, "काय रं मास्तर, पाणी बंद, बोलणं बंद. बायको रुसती तसा रुसलायस व्हय?" मी गठ्ठ्याची दोरी आवळत राहिलो. "बोल की! का भूपालला सांगू, तुझं तोंड शिवलंय म्हणून?"

तेव्हा मी विचारलं. "आक्का, मी काढलेलं पाणी विहिरीत का ओतत होता?"

त्या आधी मोठ्यानं हसल्या. "आरं, ती जिवाणी!" मग माझ्या तोंडाकडं बघितलं आणि त्यांचं हसू थांबलं. मला काय वाटलं होतं ते त्यांना कळलं असावं. त्यांनी मला हाताला धरून स्वयंपाकघराच्या दारात नेलं. हंड्याच्या तोंडावर पांढरं दुपदरी फडकं बांधलेलं होतं. पाणी त्यातून गाळायचं, मग फडक्यावर जे राहतं ते गाळलेल्याच पाण्यानं बादलीत धुऊन काढायचं. डोळ्याला न दिसणारे पाण्यातले जीव, म्हणजेच जिवाणी, त्यात असतात. ते ज्या विहिरीतून आले तिथंच परत सोडायचे, तेही वरून न ओतता. बादलीच्या बुडाला एक कडी होती, तिला दुसरा दोर. बादली पाण्याला टेकली की तो दोर ओढायचा, म्हणजे ती खालीच पालथी होते. "वरनं पडलं की मरत्यात बिचारी. घरी पोचवायचं तर नीट पोचवावं." आणि मग थांबून म्हणाल्या, "तुझं पाणी तर मी रोज पितीया. पण तुला जे वाटलं ते येडेपणाचं हाय असं मी म्हणणार न्हाय. माझी सासू तसं करायची. मी डोळ्यांनी बघितलंय."

हे शेवटचं त्या बोलल्या नसत्या तर मी बहुधा गेलो असतो. पुस्तकांचे गठ्ठे सोडले. पण खरं सांगायचं तर डोक्याला पटलं, डोळ्यांना पटलं नाही. ते पेल्याच्या मागं जातच राहिले.

मग एका उन्हाळ्यात आई गावाहून आली. बसमधून उतरून चालत आलेली, घामाघूम. अंगणात पायरीशी खालीच बसली. आक्का तांब्या भरून बाहेर आल्या आणि आईनं दोन्ही हातांची ओंजळ पुढं केली. सवयीनं. आक्कांना आधी कळलंच नाही. मग कळलं. त्या तांब्या धरून तशाच उभ्या राहिल्या.

"आई, तांब्या घ्या की हातात," आक्का म्हणाल्या.

"असू दे. ओता वरनं," आई म्हणाली. "असंच बरं पडतंय."

"तुमास्नी बरं पडतंय, मला न्हाय पडत."

आई हसली, पण हात मागं घेईना. आक्कांना खाली बसता येत नसे, गुडघे दुखायचे. त्या खांबाला धरून, कण्हत, आईच्या शेजारी मातीत बसल्या आणि तांब्या दोघींच्या मध्ये ठेवला. शेवटी आईनं तांब्या उचलला, प्यायली, खाली ठेवला. आक्कांनी तोच उचलला आणि उरलेलं पाणी पिऊन टाकलं. मी बघत होतो.

त्या दिवशी जेवण झाल्यावर पायरीवर बसून त्यांनी मला हळूच विचारलं, "तुझी आई अजून हात पुढं करती?" मी हो म्हटलं. "न दिसणाऱ्या जिवास्नी जन्मभर घरी पोचवलं रं मी, आणि..." एवढंच म्हणाल्या. ते वाक्य त्यांनी कधी पुरं केलं नाही.

पुढं माझं लग्न झालं, दुसरीकडं घर झालं, आई गेली. आक्कांकडं जाणं मात्र राहिलं. शेवटी भेटलो तेव्हा त्या अंथरुणावर होत्या. आवाज बसलेला. घरात नळ येऊन बरीच वर्षं झाली होती, पण म्हणाल्या, "मास्तर, पाणी दे. हिरीचं. गाळून." मी काढलं, गाळलं, चमच्यानं दिलं. दोन चमचे घेतले आणि डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. तर, "जिवाणी सोडलीस?"

"सोडतो, आक्का."

"आत्ता जा. ताटकळत्यात ती."

मी विहिरीवर जाऊन आलो, तोवर त्यांना खरंच झोप लागली होती. आमचं बोलणं तेवढ्यावरच थांबलं.

गेल्या आठवड्यात भूपालनं बोलावलं. "आक्काची आठवण म्हणून काय पायजे ते न्या." मी ते गाळायचं फडकं मागितलं. तो चकित झाला, पण त्यानं काढून दिलं. निघण्याआधी मी एक बादली पाणी काढलं, गाळलं, ओंजळीनं प्यालो. मग फडकं बादलीत धुतलं आणि बादली कडीच्या दोरासह रहाटाला लावली. माझ्या जुन्या खोलीत आता गगनबावड्याकडची एक नर्स राहते. खिडकीतून तिनं आवाज दिला, "ओ काका, चांगलं पाणी परत का ओतताय?"

मी दोर धरून उभा राहिलो. त्याच खिडकीतून मीही हेच पाहिलं होतं, आणि न विचारता पुस्तकं बांधायला बसलो होतो. ती विचारू शकली. तिला विचारावंसं वाटलं.

"ओतत नाही," मी म्हणालो. "घरी पोचवतोय."

"कुणाला?"

"ये, दाखवतो."

ती ओल्या हातांनीच बाहेर आली आणि काठावरून वाकून बघू लागली. खाली काही दिसत नव्हतं, नुसतं काळं पाणी. खांद्यावरच्या फडक्याचं पाणी माझ्या पाठीवर उतरत होतं. बादली टेकल्याचं हाताला कळलं, तेव्हा मी दुसरा दोर ओढला... आक्का ओढायच्या तसा, अगदी हळू.