बाबांचं मेंडोलीन आणि भाऊचा हात

आमचा भाऊ, राजकुमार, जेवायलासुद्धा धड बसत नाही. एका हातानं भाकरी मोडतो आणि दुसऱ्या हाताची बोटं ताटाच्या कडेवर वाजत असतात. पन्नाशी उलटली, नातू झाला, तरी तेच. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. भाऊची तर त्यानंतरही जाईल, याची मला खात्री नाही. वाळूजच्या कंपनीत लागला, सोडली. लासूर स्टेशनला कांद्याच्या आडतीवर राहिला, तिथून उठून फर्दापूरला पर्यटकांना रंगीत दगड विकले. आता रिक्षा चालवतो आणि सिग्नलला थांबला की हँडलवर ठेका धरतो.

आमचे बाबा, पुंडलिक, अगदी उलटे. जयंतीच्या दिवसांत ते गायन पार्टीत मेंडोलीन वाजवायचे. एकदा मांडी घातली की कार्यक्रम संपेपर्यंत जागचे हलत नसत. ते मेंडोलीन त्यांनी तरुणपणी छावणीच्या बाजारात जुन्या सामानात घेतलेलं. आठ तारा, दोन-दोनच्या जोड्या. पाठ सपाट नाही, भोपळ्यासारखी फुगीर. लाकडाच्या बारीक पट्ट्या शेजारी शेजारी चिकटवून केलेली. भाऊ त्याच्याजवळ गेला की बाबा ओरडायचे, "हात ठरत नाय ह्याचा! ठिव खाली!" मी शहाणी मुलगी, पेटी शिकलेली. पुढे पार्टी मोडली, मेंडोलीन खुंटीला लागलं, आणि कधी ना कधी ते माझ्याकडेच येणार हे मी धरून चालले होते.

गेल्या वर्षी बाबा गेले. जायच्या आधी मायला एवढंच म्हणाले, "मेंडोलीन राजूला द्या." मला राग आला, खोटं कशाला बोलू. भाऊला माझ्याहून जास्त आला.

"टोमणा मारून गेले बाबा," तो म्हणाला. "ज्याला बसता येत नाय, त्याला बसून वाजवायचं वाद्य!"

"मग मला दे की."

"नाय. मला का दिलं, ते कळल्याबिगर कुणालाच देणार नाय."

मायला विचारलं तर ती म्हणाली, "मला काय सांगून गेले का ते? द्या म्हणले, दिलं." झालं. तेव्हापासून भाऊच्या डोक्यात भुंगा लागला. रिक्षा उभी करून मध्येच घरी यायचा, मेंडोलीन उलटं-पालटं करून बघायचा, पुन्हा जायचा.

वर्षानुवर्षं भिंतीवर राहून पाठीच्या पट्ट्या सुटल्या होत्या. भाऊनं डिंक भरला, सायकलची ट्यूब कापून घट्ट गुंडाळली आणि चहा उकळायच्या आत सोडून बघितलं. पट्टी टणकन उडाली. पुन्हा चिकटवली, पुन्हा सोडून बघितलं. तिसऱ्यांदा कशीबशी बसली, तर त्यानं औरंगपुऱ्यातून गिटारच्या जाड तारा आणून कचकचून ताणल्या. माझ्यासमोर वरची पातळ फळी आत दबायला लागली. मी किंचाळले, "अरे, मोडशील ते!" त्यानं खुंट्या सैल केल्या तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता, आणि पाठ पुन्हा उकलली होती. मग मोबाईलवर बघून बघून त्याला कळलं की असल्या जुन्या वाद्याला बारीक तारा लागतात आणि त्याही बेतानं ताणाव्या लागतात.

शेवटी त्यानं स्वतःवरच तोडगा काढला. ट्यूबनं बांधलेलं मेंडोलीन माझ्या घरी आणलं. "करुणा, कपाटात ठिव, कुलूप लाव. मी मागितलं तरी देऊ नको." म्हणाला खरा, आणि संध्याकाळी दारात हजर. "सुकलं का?" दुसऱ्या दिवशी एका प्रवासी बाईंना रिक्षात बसवून आला. "सुकलं का?" त्या बाईंनीच त्याला हाकलून बाहेर काढलं. मी किल्ली कमरेला खोचून फिरत होते.

पाठ पक्की झाली. रविवारी सकाळी मायच्या खोलीत भाऊनं बारीक तारा चढवल्या, जोड्या जमवल्या, प्लास्टिकच्या झाकणातून कापलेली नखी घेऊन एक तार छेडली. टिंग. आवाज निघाला तसा विझला. पुन्हा टिंग, पुन्हा विझला. बाबांचा सूर कसा लांबच लांब जायचा!

"ह्याच्यासाठी एवढं केलं?" भाऊ म्हणाला. "बाबांनी मोडकंच दिलं मला."

तो रागानं गप्प बसला; पण त्याचा हात कुठला गप्प बसतो? ताटावर चालतो तसा तो तारांवर चालायला लागला. नखी खाली-वर, खाली-वर, भरभर. त्या तुटक टिंग-टिंग एकमेकींत मिसळल्या आणि खोलीत एकच लांब सूर उभा राहिला. बाबांचा सूर. बाबांचं मनगट असंच थरथरायचं. मी लहानपणापासून बघत आले होते, पण जागचे न हलणारे बाबा तेवढे दिसायचे, त्या मनगटाकडे माझं कधी लक्षच गेलं नव्हतं. माझा पेटीवरचा हात तर एकेका सुरावर निवांत टेकणारा. माझ्याकडे ते वाद्य मुकंच राहिलं असतं.

भाऊ दचकून थांबला. सूरही थांबला.

कोपऱ्यात माय मेथी निवडत होती. तिनं मान वर केली.

"थांबला कामून, राजू? हात ठरू देऊ नको."

भाऊनं नखी पुन्हा तारांवर धरली. त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, पण ते पुसायलासुद्धा तो थांबला नाही.