जावयाच्या हातात कुदळ

शंका घेणं हा माझा स्वभाव होताच, अमरावतीच्या कापूसबाजारात तो माझा धंदा झाला. सातासमुद्रापलीकडे कुठेतरी लढाई जुंपली आणि आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचे दिवस आले. आम्ही जातीचे माळी. वडिलांची वांग्या-मिरच्यांची बाग मी बटाईने देऊन टाकली आणि एका पेढीवर कापसाचा पारखी म्हणून गादीवर जाऊन बसलो. पोत्याच्या तोंडाशी पांढराशुभ्र कापूस असायचा आणि पोटात ओला, पिवळा, कधी चक्क वाळू. सौदा रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून व्हायचा. तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. अशा ठिकाणी दिवसभर मांडी घालून बसायचं, पाणीसुद्धा कुणीतरी आणून द्यायचं. पारख्याने उठून हातपाय हलवले तर पेढीची शोभा जाते, असं सगळे म्हणत आणि मलाही ते पटलं. घरून बाजारात जायला चार पावलं, पण मी छकड्यातून जायचो.

दोन हंगामांत माझं डोकं कामातून गेलं. झोप उडाली. बसल्या जागी छातीत धडधडायचं. रुमालाखाली किती बोटं दाबली ते हात सोडला की विसरायचो, आणि समोरच्यानेच फसवलं असं वाटून भांडायला उठायचो. मग ही शंका माझ्याबरोबर घरी येऊ लागली. बायकोने वाढलेल्या ताटाकडे मी पाहत बसायचो. भाजीचा वास मला वेगळाच यायचा. शेवटी मी तिला सांगितलं, आधी तू खा. माझ्यासमोर बसून तिने माझ्याच ताटातला घास खाल्ला, आणि पुढे रोज खात राहिली. ते आठवलं की आजही मला माझी लाज वाटते.

भगताला बोलावलं. तो म्हणाला, बाहेरची बाधा आहे, याला घरातून हलू देऊ नका. म्हणजे गादीवर बसून जे बिघडलं त्याला औषध म्हणून आणखी बसायचं. महिनाभर मी खाटेवर बसून भिंतीकडे पाहत होतो. एक दिवस बायको समोर येऊन उभी राहिली.

"तुमी अकोल्याले चला माया बाबाकडं. नाई तं मी एकलीच जातो आन् परत येत नाई."

ती हे खरंच करेल, हे मला कळलं. एवढी एकच गोष्ट मला तेव्हा शंका न घेता कळली. बडनेऱ्याच्या बाजूला आगगाडीसाठी मातीचा भराव पडत होता, त्याच्या कडेकडेने आमची बैलगाडी निघाली. गाडीवान चुकीच्या वाटेने नेतोय, असं मी तिला तीन वेळा सांगितलं.

सासऱ्यांचं घर अकोल्याच्या जुन्या शहरात आणि मळा मोर्णा नदीच्या काठाला. मी त्यांना मामाजी म्हणायचो. आमच्यात जावई सासुरवाडीला गेला की त्याला पाट-पाणी, पानसुपारी. त्याने कामाला हात लावला तर सासऱ्याची मान खाली जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी मामाजींनी माझ्या हातात कुदळ दिली.

"जवाईबापू, तो कोपरा पडीत पडला हाय. पाटाचं पानी तिथं चढत नाई. नदीवरून कावडीनं पानी आना, माती भिजवा आन् दुसऱ्या रोजी खना. रोपं टाकली हायत, तयार झाली का लावू."

मी मनात म्हटलं, आता कळलं! म्हाताऱ्याला फुकटचा सालदार गडी हवा होता, आणि मुलीने तो आणून दिला. बापलेकीने आधीच ठरवलं असणार. मी कुदळ घेतली ती त्यांचा डाव पुरता पाहून घ्यावा म्हणून. खणायच्या पहिल्या दिवशी दहा घाव घातले आणि धापा टाकत बसलो. हाताला फोड आले. मामाजी दुसऱ्या वाफ्यात भेंडी तोडत होते, माझ्याकडे बघतही नव्हते. बघत नाहीत म्हणजे नक्कीच लक्ष ठेवून आहेत, असं मी धरून चाललो.

गल्लीत कुजबुज सुरू झाली. "पेढीवरचा मानूस आन् कावड वाहून राहिला. सासऱ्यानं जवायाले बैल केलं." मामाजी खाली मान घालून त्या गल्लीतून जायचे. मला मनातून बरं वाटायचं.

पण कावड खांद्यावर असली की पाण्याकडे लक्ष द्यावं लागतं, नाहीतर सांडतं. नदीपासून कोपऱ्यापर्यंत माझ्या डोक्यात नुसती पावलं असायची. पंधरा-वीस दिवसांनी लक्षात आलं की मी आडवा झालो की झोपतो. याचीही मला शंका आली, जेवणात काही घालत असतील म्हणून. आणि त्याच दुपारी भूक इतकी लागली की बायकोने भाकरी पुढे ठेवताच मी दोन संपवल्या. तिसरी मोडताना ध्यानात आलं, आज तिने आधी घास घेतलाच नाही. ती चुलीकडे तोंड करून बसली होती. तिचे खांदे हलत होते.

छातीची धडधड आता चढ चढतानाच व्हायची आणि बसलं की थांबायची. काल कुणी काय बोललं ते आज आठवायचं.

एके सकाळी कावड घेऊन वर आलो तर मामाजी वांग्याची रोपं उपटून शेजारच्या मळेकऱ्याच्या टोपलीत भरत होते. वीतभर वाढलेली, अगदी लावणीची रोपं. मी माळ्याचा मुलगा, मला ते न विचारता कळलं. सगळे कापसामागे लागल्यामुळे त्या वर्षी भाजी पाहायला मिळत नव्हती आणि हा माणूस रोपं वाटून टाकत होता. शेजारी गेल्यावर मी कावड खाली आपटली.

"मामाजी, माझ्या कोपऱ्यासाठीची रोपं ती. दिली का? मग मी महिनाभर खणलं कशासाठी?"

ते मातीचे हात धोतराला पुसत राहिले.

"लावली असती तं तुमी राखन करत बसले असते. कोनं तोडलं, कोनं नेलं. तुमच्या डोक्याले पीक नोको होतं जवाईबापू, नुसती मेहनत पायजे होती."

"आणि कोपरा?"

"रिकामाच ठेवनार होतो. तुमी बरे होस्तोर."

"बरा झालोच नसतो तर?"

"मंग दुसरा कोपरा. मंग सारा मळा. वांगी काय, पुढच्या सालीबी लागतीन. पोरगी एकच हाय मले."

मी त्यांच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं. कापूस पाहायचो तसा तो माणूस वरून पाहिला, आतून पाहिला, तळ पाहिला. खोट सापडली नाही. मग मी खणलेल्या मातीत खाली बसलो आणि त्यांच्यासमोर मोठ्याने रडलो.