आईला शार्क बघायचे होते

मोठे शार्क बघायची हौस असलेल्या लोकांना पाण्याखाली नेणं आणि सुखरूप वर आणणं, हा बोयाचा रोजचा धंदा होता. बरीच वर्षं तो हे करत होता आणि चांगलं करत होता. लाँचवर ओठ सुकवून बसलेल्या माणसाच्या खांद्यावर तो असा काही सहज हात ठेवी की त्या माणसाला वाटावं, आपण कोपऱ्यावरून भाजी आणायलाच निघालोय.

"शार्कला तुमच्यात काडीचाही रस नाही," तो सांगे. "त्याच्याकडे बघत राहा, पाठ फिरवू नका, हातपाय झाडू नका. बाकीचं माझ्यावर सोडा."

लोक सोडत. मग समुद्रातल्या त्या खडकाच्या कडेने, अंगावर फिकट पट्टे असलेला लाँचच्या अर्ध्या लांबीचा मासा संथ येई, एक वळसा घेई आणि निळ्या अंधारात निघून जाई. माणसं वर येऊन रडत, हसत, बोयाला मिठ्या मारत.

त्याचे आईबाप समुद्रापासून अर्ध्या दिवसाच्या बसप्रवासावर, आतल्या बाजूच्या एका गावात राहत. वडील लिफ्ट दुरुस्त करण्याचं काम करून निवृत्त झालेले. आई अजून इस्पितळाच्या कापडखोलीत मशीन चालवत असे. फाटलेल्या चादरींना ठिगळं, ऑपरेशनच्या डगल्यांना नव्या नाड्या, उशांचे अभ्रे. बोया समुद्रावर असला की दुपारी तिचा फोन ठरलेला. त्यात प्रश्न एकच.

"वर आलास?"

"आलो गं. काही होत नाही."

"बरं," म्हणून ती फोन ठेवी.

काही होत नाही, हे अगदी खरं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी एकदा प्रवाहाने त्याला खडकापासून सोडवून उघड्या समुद्रात नेलं होतं. वर आला तेव्हा लाँच दिसत नव्हती. जवळचा खुणेचा नारिंगी फुगा फुगवून डोक्यावर उभा धरून तो अख्खी दुपार लाटांवर हलत राहिला आणि ऊन कलल्यावर दुसऱ्याच एका मासेमारी बोटीला सापडला. तेव्हापासून सगळे त्याला बोया म्हणू लागले. बंदराच्या तोंडाशी तरंगत असतो तो बोया. आईने एकदा या नावाचं कारण विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, "पोट सुटलंय ना, म्हणून चिडवतात."

आणि मग एक दिवस आईचा फोन आला, तोही सकाळीच.

"मला शार्क बघायचेत," ती म्हणाली.

बोया हसला. आई हसली नाही. गुडघे धरतात म्हणून ती पोहायला जाते, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण पोहता यायला लागल्यावर ती त्याच तलावावरच्या डायव्हिंगच्या वर्गात बसली होती, आणि गावाबाहेर पाणी भरलेल्या जुन्या दगडखाणीत सिलिंडर लावून उतरली होती, एकदा नव्हे, पुष्कळदा, हे त्याला आत्ता कळत होतं.

"तिथे खाली काय दिसतं?" त्याने विचारलं.

"चिखल. एक सायकल आहे. म्हणून तर म्हणतेय."

बोयाने मग अडथळे उभे करायला सुरुवात केली. डॉक्टरांचा दाखला लागतो म्हणाला. आई इस्पितळातच कामाला. हृदय, कान, छाती, सगळं तपासून तिने दाखला घेतला. मोसम संपत आलाय म्हणाला. पुढच्या मोसमात येते म्हणाली. शेवटी त्याने वडिलांना फोन लावला.

"बाबा, तुम्ही तरी सांगा ना तिला."

"मी सांगून तिने कधी ऐकलंय?" वडील म्हणाले. "तूच म्हणतोस, काही होत नाही. मग येऊ दे की तिला."

दोन दिवसांनी तो डायव्हिंगच्या दुकानात शिरला तर मालकीण त्याचीच वाट बघत होती. दुकान तिचं, लाँच तिची. उन्हाने रापलेली, कमी बोलणारी बाई. बोयाला पाण्याखालचं सगळं तिनेच शिकवलेलं.

"तुझ्या आईने फोन केला होता," ती म्हणाली. "दिवस ठरवून टाक."

त्याने दिवस ठरवले. भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटी नरम असते आणि पाणी फार ओढत नाही ते. आईच्या मापाचा मास्क शोधला, त्याचा पट्टा बदलला, मग बदललेला पट्टाही बदलला. तिला तोंडात धरायची हवेची नळी त्याने खोलून धुतली, पुन्हा जोडली आणि दुकानाच्या मागच्या पिंपात डोकं बुडवून स्वतः वापरून बघितली. मालकीण दारातून पाहत होती.

त्या मधल्या काळात बोया बिघडला. एवढी वर्षं ज्या गोष्टी त्याला दिसत नव्हत्या त्या दिसू लागल्या. शिडीची एक पायरी निसरडी होती. लाँचच्या इंजिनाला सुरू व्हायला दोनदा किल्ली लागत होती. पाण्याखाली एका माणसाने मास्क नीट करायला हात वर केला आणि बोया त्याच्याकडे झेपावला. एका सकाळी शार्कने नेहमीसारखंच वळण घेतलं. असं वळण त्याने कितीतरी वेळा पाहिलं होतं. पण त्या सकाळी त्याला वाटलं की हे वळण वेगळं आहे. सगळ्यांना खुणा करून त्याने वेळेआधीच वर आणलं. पाहुणे नाराज झाले. त्याने पाणी गढूळ झाल्याचं सांगितलं. पाणी काचेसारखं होतं.

आईबाप आले. आईच्या पिशवीत तिने स्वतः शिवलेलं, पायांत घालायचे फिन्स ठेवायचं एक आवरण होतं, इस्पितळाच्या जाड निळ्या कापडाचं. बोयाच्या एका खोलीत तिघं दाटीवाटीने मावले. जेवताना त्याने आईला कान कसे मोकळे करायचे ते सांगितलं. मग पुन्हा सांगितलं.

"अरे, खाणीत मी काय कान घरी ठेवून उतरत होते?" ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी उथळ खाडीत सराव होता. कमरेपेक्षा थोडं जास्त पाणी, तळाला वाळू, भ्यायचं तर खेकड्याला भ्यायचं. बोयाने आईच्या पाठीवरच्या सिलिंडरची मान धरली ती सोडलीच नाही. आई डावीकडे वळू बघे, तो उजवीकडे ओढे. वर आल्यावर तिने तोंडातली नळी काढली आणि शांतपणे म्हणाली, "मी पोहतेय की तू मला धुवायला टाकलंयस?"

मालकीण किनाऱ्यावर उभी होती. आई कपडे बदलायला गेल्यावर ती म्हणाली, "उद्या त्यांना मी नेते. तू लाँचवर थांब."

"नाही. माझी आई आहे."

"म्हणूनच. तू खाली तिच्याकडे बघत राहशील. तिथे शार्ककडे बघणारा माणूस लागतो."

बोयाला भांडायचं होतं. पण पाहुण्यांच्या नातेवाइकांना तो स्वतः हेच सांगत आला होता, अगदी याच शब्दांत, आणि ते शब्द त्याने हिच्याकडूनच उचलले होते. तो सिलिंडर भरायला निघून गेला.

सकाळी समुद्र तसा गप्प होता. लाँचवर बोयाने आईचा पट्टा तपासला, हवा तपासली, बकलं तपासली, पुन्हा पट्ट्याकडे हात नेला तेव्हा आईने त्याच्या हातावर चापट मारली. लहानपणी डब्यात हात घातल्यावर मारी, तशीच. मग ती काठावर बसली, मालकिणीकडे बघून मान हलवली आणि पाठीमागे पडून पाण्यात गेली. क्षणभर तिचे केस दिसले. मालकीणही पाठोपाठ गेली. मग नुसते बुडबुडे.

लाँचवर उरले तिघं. लाँच चालवणारा, जो छपराखाली सुकाणू धरून बसला. वडील, ज्यांना लाट सोसत नव्हती आणि जे लिंबाची फोड नाकाशी धरून होते. आणि बोया.

बोया बुडबुडे वाचत होता. दोन झुपके, एक मोठा, एक लहान. लहान झुपका भराभर येत होता. म्हणजे ती घाबरलीये. घाबरलेल्या माणसाची हवा लवकर संपते. मग तो झुपका जरा संथ झाला. मग वारा उठला, पाण्यावर सुरकुत्या आल्या आणि काहीच दिसेना.

"आता कुठे असतील?" वडिलांनी विचारलं.

"खडकाच्या कडेला."

"तिथेच येतो तो मासा?"

"तिथेच."

वडिलांनी लिंबाचा वास घेतला. "हे असंच असतं," ते म्हणाले. "घरी पण. ती मशीन चालवत असते, पण टाके वाकडे पडतात. तुझा फोन लागेपर्यंत तिच्याशी बोलण्यात अर्थ नसतो."

बोया पाण्याकडेच बघत होता.

"तू हरवलास, त्याच्या पुढच्याच आठवड्यात तिने पोहण्याच्या वर्गात नाव घातलं," वडील म्हणाले.

बोया वळला. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तुझ्या मालकिणीने. त्याच दुपारी फोन केला होता तिने, आम्हाला उशिरा कळायला नको म्हणून. मग संध्याकाळी सापडलास म्हणून दुसरा." ते थांबले. "त्या दोन फोनांच्या मधल्या वेळात तुझ्या आईने घरातले सगळे पडदे उसवले आणि पुन्हा शिवले. हात चालू हवेत म्हणाली."

"मग मला काही विचारलं का नाही?"

"विचारलं की. वर आलास का म्हणून विचारलं. तू म्हणालास, काही होत नाही."

बोया पुन्हा पाण्याकडे वळला. वेळ जात होता. आता दोघी लाँचवरून खाली सोडलेल्या दोराशी आल्या असतील, आता थोडा वेळ दोराला धरून थांबल्या असतील, आता वर यायला हव्यात. आल्या नाहीत. बोया लाँचच्या एका कडेवरून दुसऱ्या कडेला गेला. लाँचवाल्याने नुसतं बोट दाखवलं.

बऱ्याच लांब नारिंगी फुगा उभा होता. दोर सोडून त्या वाहत गेल्या होत्या. इंजिन दुसऱ्या किल्लीला सुरू झालं. जवळ गेल्यावर फुग्याखाली एक डोकं दिसलं, मालकिणीचं. एकच डोकं.

बोयाने उडी मारली. अंगात शर्ट, पायांत बूट, खिशात फोन. तो हात मारत, पाणी गिळत फुग्यापाशी पोचला तर लाटेच्या पलीकडच्या उतारावर, मास्क गळ्यात घेऊन आई आरामात तरंगत होती.

"तू कशाला आलास?" ती म्हणाली. "बूट गेले ना वाया."

लाँचवर चढल्यावर ती आधी कडेला जाऊन ओकली. मग टॉवेल गुंडाळून बसली. वडिलांनी पाण्याची बाटली तिच्या तोंडाला लावली. मालकिणीने सांगितलं की दोन आले होते, एक बराच जवळून गेला, आणि परतताना पाण्याची ओढ वाढली म्हणून मुद्दाम दोर सोडला. "तुझी आई बरी आहे पाण्यात," ती म्हणाली. तिच्या तोंडून एवढं ऐकायला बोयाला तीन मोसम लागले होते.

आईने बाटली अर्धी संपवली. मग म्हणाली, "त्याचा डोळा हलत नाही. आपण पुढे सरकलो तरी बघतच असतो. आणि तोंडाच्या कोपऱ्याशी जुनी जखम होती. कोणी शिवली नव्हती, आपापली जुळलेली."

"घाबरलीस?"

"खूप. सगळा वेळ." तिने त्याच्याकडे बघितलं. "तू मला खोटं सांगत होतास."

"मीही घाबरतो," बोया म्हणाला. "रोज नाही. पण पाणी गढूळ असलं की घाबरतो. ओढ जास्त असली की घाबरतो."

आणि बंदर येईपर्यंत त्याने त्या दुपारची सगळी हकिगत तिला सांगितली. लाँच कशी दिसेनाशी झाली, फुगा धरून हात कसा बधिर झाला, ऊन कलायला लागल्यावर कसं वाटलं. वडील लिंबाच्या फोडीत नाक खुपसून पाण्याकडे बघत होते. आईने सगळं पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकलं. शेवटी तिने एकच विचारलं.

"तहान लागली होती का?"

"फार," तो म्हणाला.

तिने मान हलवली आणि ओल्या टॉवेलचं टोक पिळत राहिली.

त्यानंतर ती पुन्हा समुद्रात उतरली नाही. खाणीत मात्र जात राहिली. सायकल वर काढायचा तिचा आणि तिच्या वर्गातल्या मंडळींचा बेत होता. बोयाने नवा फोन घेतला तेव्हा पहिला फोन तिचाच आला. हल्ली ती दुपारी नव्हे, तर तो निघायच्या आधीच फोन करते. भांग आहे की उधाण, वारा कुठला, पाणी कितपत स्वच्छ, असं एकेक विचारते, आणि त्याला खरं सांगावं लागतं, कारण आता तिला त्यातला फरक कळतो. तिची काळजी यामुळे तसूभरही कमी झालेली नाही. उलट आता तिला नेमकी कशाची काळजी करायची ते ठाऊक आहे.

परवा तिने असंच विचारलं तेव्हा बोया म्हणाला, "आज पाणी धड नाही. मला जायचं नाहीये."

"मग नको जाऊस."

तो गेला नाही. पाहुणे कुरकुरले. मालकिणीने जेट्टीच्या टोकाशी उभं राहून बराच वेळ पाण्याकडे बघितलं, लाँचचे दोर पुन्हा बांधले, आणि पाहुण्यांना उद्या या म्हणून सांगितलं.